आपल्याच पक्षाच्या मध्यममार्गी खासदाराला प्रायमरीत पाडायचं ठरवण्याआधी

८ मे २०१२ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या रिपब्लिकन मतदारांनी रिचर्ड लुगर यांना घरी पाठवलं. लुगर १९७७पासून सिनेटमध्ये होते. २००६ साली तर डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांच्यासमोर उमेदवारच दिला नव्हता. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, त्यांना हरवणारे राज्याचे खजिनदार रिचर्ड मर्डॉक यांनी साठ टक्के मतं घेतली. पण नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत ती जागा डेमोक्रॅट जो डॉनेली घेऊन गेले. त्याच दिवशी त्याच राज्यात अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांना ५४ टक्के मतं पडली होती, मर्डॉक यांना ४४. शंभरातली दहा माणसं एकाच मतपत्रिकेवर वर रिपब्लिकन आणि खाली दुसरंच काही निवडून गेली. त्या दहांचा हिशोब मे महिन्यात कुणी मांडलाच नव्हता.

तो कसा मांडायचा, ते इथे दिलं आहे. अमेरिकेत तिकीट हायकमांड वाटत नाही, ते प्रायमरीत मतदार देतात. त्यामुळे तिकीट कापण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच आहे आणि तो वापरल्यावर होणारं नुकसानही त्यांच्याच पदरात पडतं. उदाहरणं दोन्ही पक्षांची घेतली आहेत, कारण ही चूक कुठल्या एका पक्षाची मक्तेदारी नाही.

आधी मतदारसंघ, मग माणूस

कुणाला पाडायची चर्चा सुरू झाली की पहिला तास त्या माणसाच्या पापांची यादी वाचण्यात जातो. ती यादी बाजूला ठेवा. मागच्या दोन अध्यक्षीय निवडणुकांत त्या मतदारसंघात दोन मुख्य पक्षांना किती मतं पडली, ते काढा. इतरांची मतं सोडून द्या आणि फक्त दोघांच्या बेरजेतला आपला वाटा किती टक्के, ते पाहा. देशभरातला आपल्या पक्षाचा तसाच वाटा त्यातून वजा केला की उरतो तो मतदारसंघाचा कल. निवडणुकांचं विश्लेषण करणाऱ्या कुक पॉलिटिकल रिपोर्टचा प्रसिद्ध निर्देशांक याच पद्धतीने निघतो. तो अलीकडच्या निवडणुकीला तीन भाग आणि आधीच्या निवडणुकीला एक भाग वजन देतो.

२०१२च्या एकाच निवडणुकीवरून इंडियानाचा आकडा काढू. रॉम्नी यांचा राज्यातला वाटा ५५च्या जरा वर, देशातला ४८. कल सात अंकांनी रिपब्लिकन. ही जागा कागदावर सुरक्षित दिसते, आणि गेली ती हीच. म्हणून ढोबळ मर्यादा अशा धरा: कल आपल्या बाजूने पाच अंकांच्या आत असेल तर मध्यममार्गी माणसाला हात लावणं म्हणजे जुगार. पाच ते दहाच्या दरम्यान सगळं नव्या उमेदवारावर अवलंबून. दहाच्या पुढे बऱ्यापैकी मोकळं रान. पंधराच्या पुढे जागा जाण्याची भीती घालणारा बहुधा विद्यमान खासदाराचाच माणूस असतो.

कल उलट्या बाजूचा असेल, तर हिशोब वेगळाच होतो. वेस्ट व्हर्जिनियात २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प चाळीस टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकले. तिथे २०१८ साली डेमोक्रॅट जो मँचिन साधारण तीन टक्क्यांनी निवडून आले. त्या जागेवर ‘खऱ्या’ डेमोक्रॅटला निवडून आणण्याचा पर्याय उपलब्धच नव्हता. पर्याय होता मँचिन किंवा रिपब्लिकन. २०२४ साली मँचिन उभे राहिले नाहीत आणि रिपब्लिकन जिम जस्टिस यांनी दोन तृतीयांशांहून अधिक मतं घेतली.

एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे मतदारसंघाची नवी आखणी. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा बदलतात आणि हल्ली मध्येच बदलण्याचंही पेव फुटलं आहे. जुन्या सीमांवरचे आकडे नव्या मतदारसंघाला लावू नका. मिशिगनच्या तिसऱ्या मतदारसंघाची २०२२ची आखणी डेमोक्रॅटिक पक्षाकडे चांगलीच झुकलेली होती. त्या पक्षाने पुढे काय केलं ते खाली येईल.

फायद्यातोट्याचं गणित

चार आकडे लागतात. विद्यमान माणूस शंभरातल्या किती मतदानांत पक्षाबरोबर जातो, नवा माणूस किती जाईल, विरोधी पक्षाचा किती जाईल, आणि दोघांची नोव्हेंबरात जिंकण्याची शक्यता किती. मानलेले आकडे घेऊ. विद्यमान ८०, नवा ९८, विरोधी १०. विद्यमान जिंकण्याची शक्यता ९० टक्के, नव्याची ६०.

विद्यमान: ०.९ गुणिले ८० अधिक ०.१ गुणिले १० = ७३.
नवा: ०.६ गुणिले ९८ अधिक ०.४ गुणिले १० = ६२.८.

म्हणजे दर वेळी पक्षाबरोबर जाणारा माणूस दिल्यावर पक्षाच्या पदरात मतं कमी पडली. बरोबरी साधायला नव्याची शक्यता किमान ७२ टक्के हवी. हेच गणित सुरक्षित जागेवर दोघांनाही ९७ टक्के धरून केलं, तर विद्यमान ७७.९ आणि नवा ९५.४. तिथे बदल करायला हरकत नाही.

या गणितात दोन गोष्टी मावत नाहीत आणि दोन्ही सावधगिरीच्या बाजूने झुकतात. पहिली, सभागृहाचं बहुमत. सभागृहाचा अध्यक्ष कोण, समित्या कुणाच्या, कुठलं विधेयक पटलावर येणार, हे सगळं एका मतावर फिरू शकतं. बाकी सगळीकडे कुरकुर करणारा माणूस ते एक मत आपल्याला देत असेल, तर त्याची किंमत ८०पेक्षा पुष्कळ जास्त आहे. दुसरी गोष्ट म्हणजे काळ. सिनेटची जागा गेली की सहा वर्षांसाठी जाते आणि पुढच्या वेळी समोरचाच विद्यमान असतो. डॉनेली यांना हटवायला रिपब्लिकन पक्षाला २०१८ उजाडावं लागलं.

नव्याची शक्यता ठरवताना लोक फार उदार होतात. स्टॅनफर्डचे अँड्र्यू हॉल यांनी १९८० ते २०१० या काळातल्या प्रतिनिधिगृहाच्या प्रायमऱ्या तपासल्या. ज्या ठिकाणी टोकाचा उमेदवार मध्यममार्गी उमेदवाराविरुद्ध अगदी थोडक्यात जिंकला, तिथे पक्षाची नोव्हेंबरातली मतं सरासरी ९ ते १३ अंकांनी घटली आणि जिंकण्याची शक्यता ३५ ते ५४ अंकांनी. मुख्य कारण असं दिसलं की टोकाचा उमेदवार आपल्या लोकांपेक्षा समोरच्यांनाच जास्त घराबाहेर काढतो. ‘आपला कार्यकर्ता पेटून उठेल’ हे वाक्य बैठकीत आलं की हा निष्कर्ष समोर ठेवा.

प्रायमरीतल्या विजयावरून नोव्हेंबरचा अंदाज बांधता येत नाही, कारण मुळात मतदारच वेगळे असतात. २०१८ साली न्यूयॉर्कच्या ज्या प्रायमरीत अलेक्झांड्रिया ओकासियो-कॉर्टेझ यांनी विद्यमान खासदार जो क्राउली यांना हरवलं, तिथे जेमतेम तीसेक हजार मतं पडली होती. जागा पक्की डेमोक्रॅटिक होती म्हणून चाललं.

राज्याचे नियम वाचा, तेही स्वतः

प्रायमरी एकच नाही, पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा आहेत. बंद प्रायमरीत फक्त पक्षाचे नोंदणीकृत मतदार येतात. मध्यममार्गी माणसाला पाडायला हीच सगळ्यांत सोपी. खुल्या प्रायमरीत समोरचे मतदार त्याला वाचवायला येऊ शकतात. २०१४ साली मिसिसिपीत रिपब्लिकन सिनेटर थॅड कॉक्रन पहिल्या फेरीत ख्रिस मॅकडॅनियल यांच्या किंचित मागे होते. कुणालाच निम्म्याहून अधिक मतं न मिळाल्याने झालेल्या दुसऱ्या फेरीत कॉक्रन यांच्या प्रचाराने कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक मतदारांना साद घातली आणि ते ५१ विरुद्ध ४९ असे निसटले. पहिल्या फेरीत ज्यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं नव्हतं, त्यांना दुसऱ्या फेरीत रिपब्लिकन मतपत्रिका घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती.

दुसऱ्या फेरीचा नियम असलेल्या राज्यांत, म्हणजे टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा वगैरे ठिकाणी, पैसे आणि माणसं दोन निवडणुकांना पुरतील अशी ठेवा. टेक्सासच्या २८व्या मतदारसंघात २०२२ साली मध्यममार्गी विद्यमान डेमोक्रॅट हेन्री क्वेयार आणि डावीकडच्या जेसिका सिस्नेरोस यांची लढत मार्चमधून मे महिन्यात गेली आणि फेरमोजणीनंतर २८९ मतांनी तुटली. क्वेयार नोव्हेंबरात तेरा टक्क्यांनी जिंकले.

वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत असतात आणि पहिले दोघे पुढे जातात. वॉशिंग्टनच्या तिसऱ्या मतदारसंघात २०२२ साली ट्रम्प यांच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलेल्या जेमी हरेरा ब्यूटलर तिसऱ्या आल्या. रिपब्लिकन बाजूने जो केंट पुढे गेले आणि ट्रम्प यांनी जिंकलेला तो मतदारसंघ डेमोक्रॅट मरी ग्लुसेनकँप पेरेझ यांनी तीन हजारांहून कमी मतांनी घेतला. २०२४ साली केंट पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले. एकदा गेलेली जागा तशीच परत मिळवायला जाऊ नये, हा त्यातला भाग.

सह्यांचं काम क्षुल्लक समजू नका. मिशिगनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराला पक्षाच्या प्रायमरीसाठी एक हजार वैध सह्या लागतात. बेळगावात वाढलेले डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार यांच्याविरुद्ध २०२४ साली उभा राहू पाहणारा प्रमुख स्पर्धक याच अटीवर बाद झाला: बऱ्याच सह्या तपासणीत उडाल्या आणि आकडा हजाराखाली आला. म्हणून हजार हव्या असतील तर दोन हजार जमवा. प्रत्येक सही मतदारयादीशी ताडून पाहा, आणि पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांचं काम दर आठवड्याला तपासा, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

पडलेला माणूस परत आला तर

बंडखोरीची कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे कायदे प्रायमरीत हरलेल्याला दुसऱ्या चिन्हावर नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येऊ देत नाहीत. पण सगळीकडे नाही, आणि मतदाराने स्वतः नाव लिहून मत देण्याची वाट बऱ्याच ठिकाणी उघडी राहते.

कनेटिकटमध्ये २००६ साली डेमोक्रॅटिक प्रायमरीत नेड लॅमॉन्ट यांनी सिनेटर जो लीबरमन यांना ५२–४८ असं हरवलं. दुसऱ्याच दिवशी लीबरमन यांनी स्वतंत्र उमेदवारीसाठी सह्या दाखल केल्या. लागणाऱ्या ७,५०० सह्यांची तयारी आधीपासून चालू होती. नोव्हेंबरात रिपब्लिकन मतं त्यांच्याकडे वळली, रिपब्लिकन उमेदवार दहा टक्क्यांच्याही खाली राहिला आणि लीबरमन जवळपास ५० टक्के घेऊन जिंकले. खरी किंमत तीन वर्षांनी कळली. २००९ साली ओबामांच्या आरोग्य विधेयकाला सिनेटमधली विरोधकांची अडवणूक मोडायला शंभरातली ६० मतं लागत होती, लीबरमन साठावे होते, आणि त्यांनी सरकारी विम्याचा पर्याय विधेयकातून काढायला लावला. पक्षाचं काही देणं लागतो असं त्यांना वाटण्याचं कारणच उरलं नव्हतं.

अलास्कात २०१० साली विद्यमान सिनेटर लिसा मर्कोव्स्की रिपब्लिकन प्रायमरीत जो मिलर यांच्याकडून हरल्या. मतपत्रिकेवर नाव नसताना एक लाखाहून अधिक लोकांनी ते हाताने लिहिलं आणि त्या जिंकल्या. जुलै २०१७मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा मोडीत काढण्याचा रिपब्लिकन प्रयत्न ४९–५१ असा पडला, त्यात विरोधी मत देणाऱ्या तीन रिपब्लिकनांपैकी त्या एक.

तेव्हा तपासायच्या गोष्टी या: हरलेल्याला पुढे येण्याची वाट आहे का, तिची मुदत कधी संपते, आणि तिसऱ्या पक्षाच्या रकान्यात त्याचं नाव आधीच आहे का. न्यूयॉर्कमध्ये एकाच उमेदवाराला दोन पक्षांच्या रकान्यांत उभं राहता येतं. क्राउली प्रायमरी हरले तरी डाव्या विचारांच्या छोट्या वर्किंग फॅमिलीज पक्षाच्या रकान्यात त्यांचं नाव नोव्हेंबरपर्यंत राहिलं, कारण तिथे एकदा छापायला गेलेलं नाव काढण्याच्या वाटा फार थोड्या आहेत.

धमकीनेच माणूस निघून जाण्याचा धोकाही धरा. पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन सिनेटर अर्लेन स्पेक्टर यांना २००४ साली पॅट टूमी यांनी जवळजवळ हरवलंच होतं. पुन्हा तीच लढत दिसू लागताच एप्रिल २००९मध्ये स्पेक्टर डेमोक्रॅटिक पक्षात गेले. त्या पक्षाला ६०चा आकडा गाठता आला तो त्यांच्यामुळेही, आणि डिसेंबरात आरोग्य विधेयक त्याच ६० मतांनी सिनेटमधून पुढे गेलं. पुढे टूमी यांनी २०१०मध्ये जागा जिंकली, म्हणजे दीर्घ पल्ल्यात डाव साधला असंही म्हणता येईल. पण मधल्या दीड वर्षात जे मंजूर झालं ते परत फिरवता आलं नाही.

उलटंही घडतं. ॲरिझोनाच्या मध्यममार्गी सिनेटर कर्स्टन सिनेमा यांनी डिसेंबर २०२२मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष सोडला, २०२४ साली त्या उभ्याच राहिल्या नाहीत आणि रुबेन गॅलेगो यांनी ती जागा पक्षाकडे राखली. तिरंगी लढत टळली, हे त्या यशाचं निम्मं कारण.

समोरचा पक्ष तुमच्या उमेदवारावर पैसे लावतोय का?

आता मिशिगनचा तिसरा मतदारसंघ. महाभियोगाच्या बाजूने मत दिलेले रिपब्लिकन पीटर मायर यांच्याविरुद्ध जॉन गिब्ज उभे होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधिगृह प्रचार समितीने चार लाख डॉलरहून अधिक खर्चून गिब्ज यांची जाहिरात केली. वरकरणी टीका, सूर मात्र ‘हे फारच कडवे आहेत, ट्रम्पच्या जवळचे आहेत’ असा. रिपब्लिकन मतदाराला ही शिफारसच वाटणार. गिब्ज थोडक्यात जिंकले आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅट हिलरी स्कोल्टन यांच्याकडून मोठ्या फरकाने हरले.

हे ओळखायला हेरगिरी लागत नाही. संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र खर्चाचे, म्हणजे उमेदवाराशी न ठरवता बाहेरच्यांनी केलेल्या खर्चाचे, अहवाल असतात. मतदानाआधीच्या शेवटच्या वीस दिवसांत हजार डॉलर किंवा त्याहून मोठा खर्च २४ तासांत कळवावा लागतो. रोज सकाळी बघा. तुमच्या उमेदवाराच्या नावापुढे विरोधी पक्षाचा पैसा दिसला, तर समोरच्यांनी गणित केलंय आणि त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलंय.

उमेदवाराची झडती

मर्डॉक हरले ते ऑक्टोबरातल्या एका वादसभेत बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दल ‘देवाची इच्छा’ असं बोलल्याने, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. त्या प्रश्नाचं उत्तर ते काय देतील, हे आधी कॅमेऱ्यासमोर बसवून कुणी विचारलं असतं तर मे महिन्यातच कळलं असतं. डेलावेअरमध्ये २०१० साली रिपब्लिकनांनी माजी राज्यपाल आणि तत्कालीन खासदार माइक कॅसल यांना सिनेटच्या प्रायमरीत नाकारून क्रिस्टीन ओ’डॉनेल यांना तिकीट दिलं. (कॅसल त्या जागेवर विद्यमान नव्हते, पण धडा तोच.) मग ओ’डॉनेल यांच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमांतल्या फिती बाहेर येऊ लागल्या. प्रायमरी १४ सप्टेंबरला, मतदान २ नोव्हेंबरला, म्हणजे सावरायला फक्त सात आठवडे. डेमोक्रॅट क्रिस कून्स १६ टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकले. कॅसल यांनी सोडलेली प्रतिनिधिगृहाची जागाही डेमोक्रॅटिक पक्षाला गेली.

झडतीत किमान हे हवं: न्यायालयीन नोंदी, कर आणि कर्जं, राहत्या पत्त्याचा इतिहास, प्रत्येक जुनी चित्रफीत आणि समाजमाध्यमांवरची प्रत्येक नोंद, आणि दोन तासांची उलटतपासणी. उलटतपासणी त्याच्या मित्राने घेऊ नये. पत्त्याचं महत्त्व लुगर प्रकरणातच दिसतं: १९७७ साली विकलेल्या घराच्या पत्त्यावर त्यांची मतदारनोंदणी होती आणि प्रायमरीच्या तोंडावर ते भोवलं. जी कुऱ्हाड तुम्ही चालवणार, ती आधी आपल्या उमेदवारावर घासून पाहा.

पैसा, आणि तो कुणी देऊ नये

२०२५–२६च्या चक्रात एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर देता येतात. प्रायमरी, दुसरी फेरी आणि नोव्हेंबर या वेगळ्या निवडणुका धरल्या जातात. नोव्हेंबरसाठी दिलेला पैसा प्रायमरीत खर्च करता येत नाही. उमेदवार प्रायमरीत हरला तर तो परत करावा लागतो किंवा दात्याच्या संमतीने दुसरीकडे वळवावा लागतो. त्यामुळे तिमाही अहवालातला ढोबळ शिल्लक आकडा बघून हुरळू नका.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी महत्त्वाचं: नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याने एक डॉलरही द्यायचा नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाने दिलेली देणगी बेकायदा ठरते, आणि नागरिक जोडीदाराच्या नावाने आपला पैसा फिरवणंही. बिनपगारी स्वयंसेवा चालते, मात्र खर्चाचे किंवा प्रचाराचे निर्णय घेण्यात सहभाग चालत नाही.

सल्लागार आणि छपाईवाले मिळण्याची अडचणही असते. २०१९ साली डेमोक्रॅटिक प्रचार समितीने विद्यमान खासदारांविरुद्ध काम करणाऱ्या कंपन्यांना काम न देण्याचं जाहीर केलं होतं. ते धोरण २०२१मध्ये मागे घेतलं. लेखी धोरण गेलं तरी धास्ती पूर्ण जात नाही, म्हणून करार आधी करा आणि घोषणा नंतर.

तो वाचला, पण जखमी झाला

तिसरी शक्यता कुणी मोजत नाही. अर्कान्सासमध्ये २०१० साली कामगार संघटनांनी डेमोक्रॅटिक सिनेटर ब्लँच लिंकन यांच्याविरुद्ध बिल हॉल्टर यांच्यामागे लाखो डॉलर ओतले. जूनमधल्या दुसऱ्या फेरीत लिंकन ५२–४८ अशा वाचल्या आणि नोव्हेंबरात ३७ टक्क्यांवर आडव्या झाल्या. त्या आधीपासूनच बुडत होत्या, हे खरं. पण संघटनांचा पैसा, लिंकन यांचा पैसा आणि उन्हाळा असं सगळंच खर्ची पडलं आणि हाती काही आलं नाही.

म्हणून माघारीची तारीख सुरुवातीलाच ठरवून घ्या. अर्ज मागे घेण्याच्या मुदतीच्या दोन आठवडे आधी एक चांगलं सर्वेक्षण करा आणि त्यात तीन प्रश्न ठेवा: प्रायमरीत कोण पुढे, नोव्हेंबरात विद्यमान विरुद्ध विरोधी, आणि नोव्हेंबरात आपला विरुद्ध विरोधी. शेवटच्या दोन उत्तरांत पाच अंकांहून जास्त फरक असेल आणि मतदारसंघाचा कलही दहाच्या आत असेल, तर विद्यमानाशी बोलणी करा. अमुक विधेयकाला पाठिंबा, अमुक समितीत अमुक भूमिका, असं लेखी किंवा जाहीर मागून घ्या आणि अर्ज काढा. हे बोलणं तुमची ताकद दिसत असताना व्हायला हवं. मतपत्रिका छापून गेल्यावर तुमच्या हातात विकायला काही उरत नाही.